मिठी नको, गांचो हवा!

गेल्या जुलैतली रविवारची सकाळ. मॉरिसव्हिलच्या माझ्या अपार्टमेंटमध्ये मी आठवड्याच्या पोळ्या लाटत होते आणि फोन वाजला. पिठाच्या हातानेच स्पीकर लावला. ओळखीतले एक काका होते. गणपतीतल्या करमणुकीच्या कार्यक्रमाची जमवाजमव यंदा त्यांच्याकडे होती.

"अगं, तू तो टँगो करतेस ना? चार मिनिटांचा आयटम दे. सगळं नको. ते पायात पाय अडकवतात ना, तेवढं ठेव. पब्लिक खूश होतं त्याच्यावर."

"बघते काका. पार्टनरला विचारून सांगते."

"विचार, विचार. आणि हे बघ, जरा लांबून धरा हं एकमेकांना. फॅमिली ऑडियन्स आहे. नऊवारीत जमलं तर अजून छान. फ्यूजन होईल!"

मी दोन दिवसांनी नकार कळवला. पुढच्या आठवड्यात 'फार भाव खाते' हे माझ्याबद्दलचं मत तीन वेगवेगळ्या घरांतून माझ्यापर्यंत पोचलं. आता भाव खातेच आहे तर नीट खाते, म्हणून हा लेख.

काकांवर माझा राग नाही. कोव्हिडच्या दिवसांत मी एकटी आजारी असताना दाराशी डबे ठेवून जाणारा माणूस आहे तो. माझं भांडण त्यांच्या मागणीशी आहे, कारण ती एकट्या त्यांची नाही. टँगोच्या क्लासला तिसऱ्या आठवड्यात येऊन "गांचो कधी शिकवणार?" असं विचारणाऱ्यांची मागणी तीच असते. त्यांना तो लगेच शिकवणाऱ्यांचा धंदा त्याच मागणीवर चालतो. आणि पाच-पाच वर्षं नाचून शनिवारच्या गर्दीत टाचा उडवणाऱ्यांचंही वागणं तेच सांगतं: मिठी नको, गांचो हवा.

माझं म्हणणं एवढंच आहे, की मिठीशिवाय गांचो होत नाही. तसा जो करतात ती लाथ असते.

हे प्रकरण काय आहे ते आधी सांगते, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी ते पडद्यावर किंवा स्टेजवरच पाहिलेलं असणार. गांचो हा स्पॅनिश शब्द. अर्थ आकडा. खाटकाच्या दुकानात मांस टांगायला असतो तोही गांचोच. नाचात एकाचा मोकळा पाय दुसऱ्याच्या पायांमधल्या जागेत मागच्या मागे जातो, मांडीला मांडी लागते, तिथे गुडघा दुमडतो, पोटरी वर झोका घेते आणि पाय आला त्या वाटेने परत येतो. सगळा मामला सेकंदाभराचा. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो तो हाच सेकंद.

पायात पाय घालायची विद्या आपल्याला काही नवी नाही. कुस्तीत टांग मारतात ती समोरच्याला पाडायला. मल्लखांबावर अढी घालतात ती आपण स्वतः पडू नये म्हणून. दुसऱ्या बाजीरावाचे गुरू बाळंभट दादा देवधर यांनी ज्या मल्लखांबाला पुन्हा जीव दिला, त्यावर चढणाऱ्या पोराला पहिल्यांदा अढीच शिकावी लागते. शाळेत असताना मी चार वर्षं दोरीचा मल्लखांब केला आहे. पायाने धरायचं म्हणजे किती जोर लागतो ते मांड्यांवरच्या वळांनी मला शिकवलं. त्यामुळे टँगोत आल्यावर मला वाटलं, हे तर आपल्याला येतंच! पाय घाला, आवळा, सोडा.

तिथेच माझी चूक झाली. गांचो पाडत नाही आणि धरतही नाही. मल्लखांबाला तेल लावलेलं असतं, पण तो जागचा हलत नाही आणि त्याला दुखतही नाही. टँगोत समोर जिवंत माणूस उभं असतं. त्याची मांडी हा खांब नव्हे. आकड्यासारखा दिसणारा तो पाय खरं तर काहीच अडकवत नाही. त्याच्यावर भार नसतो, जोर नसतो. तो फक्त मिळालेल्या जागेतून जाऊन येतो.

ती जागा कशी मिळते ते सांगते. नेणाऱ्याला इथे लीडर म्हणतात, त्याच्याबरोबर जाणाऱ्याला फॉलोअर. फॉलोअर लीडरच्या भोवती वळत मागचं पाऊल टाकते. तिचा भार त्या पायावर येऊन नीट ठरतो. लीडर आपलं पाऊल तिच्या टेकलेल्या पायाशी आणून ठेवतो, गुडघा वाकवतो, टाच थोडी उचलतो. त्याच्या पायांमध्ये एक खिडकी उघडते. मग तो छातीपासून उलट दिशेला वळतो. ते वळणं मिठीतून तिच्या पाठीला कळतं, पाठीतून कमरेला, कमरेतून खुब्याला. खुब्यातून सैल सोडलेला तिचा मोकळा पाय घड्याळाच्या लंबकासारखा मागे जातो आणि त्या खिडकीत शिरतो. मांडीला मांडी लागली की वरचा भाग थांबतो, खालचा थांबत नाही, म्हणून गुडघा आपोआप दुमडतो. झाला गांचो.

या साखळीत "आता फॉलोअरने पाय उचलावा" अशी कडी कुठेच नाही, हे लक्षात घ्या. ती पाय उचलत नाही. ती फक्त उभी राहते, नीट, एका पायावर, आणि दुसऱ्याला जाऊ देते.

आता काकांच्या "जरा लांबून धरा"चं काय होतं पाहा. टँगोत एकमेकांना धरतात त्याला आब्रासो म्हणतात. आब्रासो म्हणजे शब्दशः मिठी. बॉलरूममधली ताठ चौकट नव्हे. गांचोच्या वेळी ही मिठी थोडी सैलावते, कारण कमरेला वळायला वाव लागतो. पण सैलावते, सुटत नाही. ती सुटली की छातीचा निरोप खुब्यापर्यंत नेणारी तारच तुटते. मग उरतो एकच उपाय. पावलं पाठ करायची आणि पाचव्या मात्रेला ठरल्याप्रमाणे पाय मारायचा. लोकांना फरक कळत नाही, टाळ्या पडतात. शरीराला मात्र फरक कळतो. कधी आपल्या, कधी दुसऱ्याच्या.

कधी दुसऱ्याच्या, हे मी ऐकीव सांगत नाही. मी असा पाय मारून एका बाईला जखमी केलं आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. डरहॅममधला एक हॉल. शनिवारची मिलोंगा, म्हणजे टँगो नाचायला लोक जमतात ती सभा. सगळी जोडपी एकामागे एक, घड्याळाच्या उलट दिशेने, मोठ्या वर्तुळात सरकत असतात. मला टँगो सुरू करून पावणेदोन वर्षं झाली होती. गांचो मी पहिल्या तीन महिन्यांतच उचलला होता, दोन दिवसांच्या एका वर्कशॉपमध्ये. पुग्लिएसेच्या वाद्यवृंदाची गाणी लागली होती. ते संगीतच असं, की पायांना नाटक करायची खुमखुमी येते. माझा पार्टनर एका जागी थांबला. त्याचं पाऊल माझ्या पायाजवळ आलं. बस्स, माझा पाय गेला. त्याची मांडी तिथे नव्हतीच. त्यामुळे पाय अडला नाही, सरळ मागे आणि वर गेला आणि नऊ सेंटिमीटरची टाच मागून येणाऱ्या जोडीतल्या बाईच्या नडगीत रुतली.

चार टाके पडले. टिश्यूने रक्त टिपता टिपता ती मला म्हणाली, "होतं असं कधी कधी." आठवडाभर मीही स्वतःला हेच सांगितलं. गर्दी होती, अपघात झाला. मग एकदा पार्टनरला विचारलं, की त्या गांचोत आपलं नेमकं काय चुकलं? तो जरा अवघडून म्हणाला, "मी गांचो दिलाच नव्हता. पुढचं जोडपं थांबलं, म्हणून मी थांबलो."

हे उत्तर मला त्या चार टाक्यांहून जास्त लागलं. म्हणजे पावणेदोन वर्षं मी कुणाचं ऐकतच नव्हते. 'पाऊल जवळ आलं की पाय मार' हा एकच नियम पाठ करून बसले होते. मिठीत होते, पण मिठीतून काय सांगितलं जातंय याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

मी पोस्टडॉक आहे. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघते. नियंत्रण नमुना नसलेल्या प्रयोगावर विश्वास ठेवायचा नाही, हे माझ्या हाडात भिनलेलं आहे. नाचाला मात्र मी हा नियम कधीच लावला नव्हता. तो आता लावला. माझ्या शिक्षिकेला म्हटलं, मी डोळे मिटते, तुम्ही दर वेळी मनगटावर नाणं उडवा. छापा पडला तर गांचो द्या, काटा पडला तर नुसत्या थांबा. वीस वेळा केलं. त्यांनी मागितला अकरा वेळा. माझा पाय गेला अठरा वेळा. म्हणजे निदान सात वेळा कुणी बोलावलेलं नसताना. प्रयोगशाळेत याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात, आणि एवढे फॉल्स पॉझिटिव्ह देणारी चाचणी आम्ही कचऱ्यात टाकतो.

मी माझा गांचो कचऱ्यात टाकला. पुढची तीन महिने एकही नाही. नुसतं चालणं. एका पायावर थांबणं. दात घासताना अर्धं मिनिट उजव्या पायावर, अर्धं मिनिट डाव्या. मग ओट्याला दोन बोटं टेकवून झोका. यासाठी टेकलेला पाय थोडा उंचावर लागतो, म्हणजे दुसरा जमिनीला न घासता लोंबतो. मी माझा पीएच.डी.चा जाडजूड बांधलेला प्रबंध जमिनीवर ठेवून त्यावर उभी राहायचे. त्या प्रबंधाचा झालेला हा पहिला प्रत्यक्ष उपयोग. कंबर वळवायची आणि पाय आपसूक हलतो का बघायचं. गुडघ्यातून झटका दिला की लगेच कळतं, कारण मांडी जागच्या जागी राहते आणि नुसती पोटरी फडफडते. तसं व्हायचं, रोज व्हायचं. खुबा सैल सोडणं हे बोलायला सोपं आहे. आपल्यासारख्या दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या माणसांचा खुबा गंजलेल्या बिजागरीसारखा असतो.

त्यानंतर मांडी. लागायची ती मांडीला मांडी, पोटरीला पोटरी नव्हे, हे शिक्षिकेने मला भिंतीचा कोपरा वापरून शिकवलं. मांडी टेकेपर्यंत गुडघा दुमडायचा नाही. आधी दुमडला तर पाय खिडकीत शिरायच्या आत वर उडतो, आणि टाच कुठे जाईल याची हमी राहत नाही. परत येणं हाही एक धडाच. पाय मागून आला की घोटे एकमेकांना लागले पाहिजेत, आणि पुढचं पाऊल मागितल्याशिवाय टाकायचं नाही. हा सगळा काळ सपाट तळाच्या बुटांत. टाचा कपाटात.

पाच महिन्यांनी पुन्हा नाणं उडवलं. वीसपैकी मागितला नऊ वेळा, गेला दहा वेळा. तो एक जास्तीचा अजून माझ्या मानेवर आहे.

आता लीडर मंडळींकडे वळते, कारण दोष एकट्या फॉलोअरचा नाही. याच काळात मी लीड करायलाही शिकले, आणि दुसरी बाजू कळली. लीडरची ठरावीक पापं तीन. पहिलं, लांब उभं राहणं. त्याचं पाऊल तिच्या पायाशी नसून वीतभर दूर असतं, मग तिचा पाय पोचायला तिला तोल सोडावा लागतो. दुसरं, आपल्या मांडीने तिचा पाय मागे ढकलणं. तिसरं आणि सगळ्यात वाईट, हाताने तिचं धड पिळून पाय उडवायला लावणं. यातलं कुठलंही केलं तरी बाहेरून गांचो दिसतो. आतून ती जबरदस्ती असते. दुसऱ्या दिवशी कमरेला बर्फ लावत बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना ते करायला लावणारे तेव्हा आपल्या गांचोचा व्हिडिओ कुणालातरी दाखवत असतात.

म्हणून फॉलोअरना माझं सांगणं आहे, की तुमचा पाय तुमचा आहे. जागा दिली गेली तरी तो गेलाच पाहिजे असं नाही. घोटे जुळवून शांत उभं राहणं हेही टँगोत पूर्ण उत्तर आहे. चांगल्या लीडरला ते कळतं आणि तो पुढे चालू लागतो. न कळणाऱ्याबरोबर पुढचं गाणं नाचायची सक्ती तुमच्यावर कुणी केलेली नाही.

इथपर्यंत वाचून टँगोतले सोवळे लोक खूश झाले असतील. ते म्हणतात, बरोबर आहे, गांचो ही स्टेजवरची थेरं, खऱ्या टँगोत तो नकोच. त्यांच्या बाजूने एक भक्कम पुरावाही आहे. ब्वेनोस आइरेसला २००३ पासून दर वर्षी टँगोची जागतिक स्पर्धा होते. तिचे दोन विभाग आहेत, पिस्ता म्हणजे सभेतला टँगो आणि एसेनारियो म्हणजे स्टेजवरचा. पिस्ताच्या नियमांत मिठी सोडायची नाही आणि गांचो व उड्या करायच्या नाहीत, असं स्पष्ट आहे.

गर्दीच्या मजल्यावर गांचो नको, हे मला पूर्ण मान्य. चार टाक्यांनंतर अमान्य करायला तोंड आहे कुणाला! पण सोवळ्यांचं पुढचं पाऊल मला पटत नाही. गांचो शिकूच नये, हे नाही पटत. कारण मला ऐकायला शिकवलं ते गांचोनेच. साध्या चालण्यात मी दोन वर्षं ऐकल्याचं सोंग करू शकले, कुणाला पत्ता लागला नाही. गांचोने मला उघडं पाडलं. लीडरने नेमकं काय मागितलं, कधी मागितलं, मागितलं तरी का, हे ऐकल्याशिवाय तो सुरक्षित होऊच शकत नाही. रविवारी दुपारी सरावाला मोकळा हॉल असतो, चार जोडपी असतात, बोलायला वेळ असतो. तिथे तो करावा, चुकावा, थांबून विचारावं. बंदी घालून शिकण्याचा हा रस्ता बंद करू नये.

स्टेजला शिव्या देण्यातही मला रस नाही. टँगो जगभर पुन्हा पसरला तो स्टेजमुळेच. 'टँगो आर्जेंटिनो' हा प्रयोग १९८३ साली पॅरिसला झाला, १९८५ मध्ये ब्रॉडवेवर आला, आणि तिथून गावोगाव क्लास निघाले. पण त्या प्रयोगातली जोडपी पोरसवदा नव्हती. हुआन कार्लोस कोपेस आणि मारिया निएबेस यांनी तोवर तीसहून अधिक वर्षं एकत्र नाच केला होता, आणि त्यांची सुरुवात स्टेजवर नव्हे, ब्वेनोस आइरेसच्या नाचसभांत झाली होती. पायांची ती वीज त्या वर्षांच्या चालण्यावर उभी होती. आपण प्रेक्षकांनी वीज पाहिली आणि शिकायला सुरुवात तिथूनच केली. शेवटचं पान आधी वाचलं.

आपल्या लोकांना हे समजावणं खरं तर कठीण जाऊ नये. मॉरिसव्हिलच्या चर्च स्ट्रीट पार्कवर, जिथे २०२३ साली मेजर लीग क्रिकेटच्या पहिल्या हंगामाचे सामने झाले, त्याच गावात आपली पोरं बॅट धरायला शिकतात. पहिल्याच महिन्यात एखादा कोच त्यांना रिव्हर्स स्वीप शिकवायला लागला तर आपण काय म्हणू? "आधी सरळ बॅटने खेळायला शिकवा हो!" ढोलपथकात नवख्याला पहिल्या रांगेत उभं करतो का आपण? आठवडेच्या आठवडे पार्किंग लॉटमध्ये सराव करतो, नुसता ठेका धरायला लावतो. क्रिकेटला आणि ढोलाला आपण हा मान देतो. गांचोची पाळी आली की मात्र चार मिनिटांचा आयटम!

मग टँगोलाच हा मान का नाही? 'विदेशी नाच आहे, आपल्याला काय कळणार' हे वरवरचं कारण. मला खरं कारण काकांच्या फोनमध्येच दिसतं. पायात पाय चालतो, कारण ती करामत आहे. ती लांबून बघता येते, तिच्यावर टाळ्या वाजवता येतात. मिठी चालत नाही, कारण तिच्यात बघण्यासारखं काही नसतं आणि तरीही बघणारा अस्वस्थ होतो. दोन माणसं डोळे मिटून, गुपचूप, बारा मिनिटं एकमेकांचं ऐकत चालतात, हे आपल्याला फॅमिली ऑडियन्सपुढे अश्लील वाटतं. मांडीभोवती मांडी टाकणं मात्र वाटत नाही. हे गणित मला खरोखर सुटलेलं नाही.

आणि आपल्याकडे धरून नाचणं नाही असंही नाही. फुगडी आठवा. हात घट्ट धरायचे, पाय जुळवायचे, अंग मागे टाकायचं. दोघींपैकी एकीने हात सोडला की दुसरी आपटते. म्हणून फुगडीत पहिल्यांदा शिकवतात ते हात धरणं. गिरकी त्यानंतर येते. माझ्या आजीने मला अंगणात मनगटाला मनगट कसं धरायचं हे आधी दाखवलं होतं, आणि "सोडलंस तर दुसरी पडेल" एवढंच सांगितलं होतं. टँगोबद्दल मला जे म्हणायचंय ते यापेक्षा फार वेगळं नाही.

नकार कळवताना मी काकांपुढे एक पर्याय ठेवला होता. तो भाव खाण्याच्या गोष्टीत कुणी सांगितला नसेल, म्हणून इथे सांगते. मी म्हटलं होतं, "काका, चार मिनिटं द्या. आम्ही दोघं येतो, साध्या कपड्यांत. मिठीत उभे राहतो आणि गाण्यावर चालतो. गांचो नाही, गिरकी नाही."

काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नुसतं चालणार? मग लोक बघणार काय गं?"

तो आयटम झाला नाही. त्या वेळात मुलांचं लेझीम झालं आणि छान झालं. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

तुमच्यापैकी कुणी ह्यूस्टनला, लंडनला, सिंगापूरला किंवा इथे आमच्या ट्रँगलमध्ये टँगोच्या क्लासला जायचं मनात आणत असेल, तर जरूर जा. पण पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. पहिले तीन महिने काय शिकवणार? त्याचं उत्तर "चालणं" असं असेल तर तिथे थांबा. दुसरं, मिठीत फॉलोअरला काही नको असेल तर तिने काय करायचं, हे शिकवता का? प्रश्नच कळला नाही तर निघा. आणि तिसरं, गांचो कधी? "पुढच्या आठवड्यात" असं उत्तर आलं तर पैसे परत मागा.

आणि जे आधीच गांचो करतात त्यांनी घरी एकदा नाणं उडवून बघा. डोळे मिटून, वीस वेळा. आकडे कुणाला सांगायची गरज नाही.

माझ्या टाचेने जिची नडगी फोडली, ती बाई अजून येते. खूण आहे, काळे मोजे घातले की दिसत नाही. गेल्या महिन्यात मी लीड करत असताना तिला खोलीच्या पलीकडून नजरेने विचारलं. ती क्षणभर थांबली, मग मान हलवून हो म्हणाली. आम्ही तीन गाणी नाचलो, बहुतेक वेळ नुसत्या चाललो. दुसऱ्या गाण्यात तिचा भार एका पायावर नेमका ठरला होता, माझं पाऊल तिच्या पायाशी होतं आणि मागे सगळं मोकळं होतं. पण तिची पाठ माझ्या हाताखाली जराशी ताठ झाली. मी पाऊल काढून घेतलं आणि पुढे चालू लागले.